प्रार्थना सर्वांची, मग खराटा कोणाच्या हाती?

महाराष्ट्रातल्या शाळांचा परिपाठ गेल्या काही वर्षांत लांबत चालला आहे. राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा होतीच. 26 जानेवारी 2020 पासून संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन आले. 19 फेब्रुवारी 2023 पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ राज्यगीत झाले आणि तेही शाळेत म्हणायचे ठरले. सुविचार, दिनविशेष, बोधकथा, सामान्यज्ञानाचे प्रश्न हे सगळे शिवाय आहेच. सरकार कोणाचेही असो, मुलांनी आणखी काहीतरी म्हणावे असे त्याला वाटते. मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून रोज एखादे काम करावे, असे मात्र कोणाला सुचत नाही.

याच परिपाठात अनेक शाळांतून आजही साने गुरुजींची ‘खरा तो एकचि धर्म’ म्हटली जाते. मला तिच्याबद्दल बोलायचे आहे, आणि तिच्या निमित्ताने एका अगदी साध्या, पण आपण सगळेच टाळत असलेल्या प्रश्नाबद्दलही. ही प्रार्थना जिथे होते त्या शाळेतला संडास कोण साफ करतो? माझे म्हणणे असे आहे की, हे काम मुख्याध्यापक, शिक्षक आणि जाणती मुले यांनी जात, लिंग आणि हुद्दा न बघता पाळीपाळीने करावे. आणि जिथे असे सरसकट वाटून घेणे जमत नसेल, तिथे ते एकाही मुलाला सांगू नये.

आधी प्रार्थनेकडे बघू. लहान मुलांच्या प्रार्थनांत बहुधा मागणे असते. बुद्धी दे, शक्ती दे, चांगल्या मार्गाने ने. ही प्रार्थना काहीच मागत नाही. तिच्या प्रत्येक कडव्यात एकेक काम नेमून दिलेले आहे. पडलेल्याला उठवायचे, ज्याला कोणी नाही त्याला सुखवायचे, गांजलेल्याला हसवायचे, कुणाला हिणवायचे नाही, आपल्याजवळ जे वित्त किंवा विद्या असेल ते देत राहायचे. ‘तया जाऊन’ हे शब्द तिच्यात पुन्हा पुन्हा येतात. उठवायचे तर त्याच्यापर्यंत चालत गेले पाहिजे, जागेवरून आशीर्वाद देऊन भागत नाही. तिची ‘लगागागा लगागागा’ ही लघु-गुरू अक्षरांची चालही पावले टाकत जावे अशी आहे. ज्या मुलाला सुराचे अंग नाही त्यालाही ती म्हणता येते, आणि म्हणूनच ती गावोगाव पोचली.

या प्रार्थनेवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. तिच्यात जो गातो तो उभा आहे, आणि ज्याला उठवायचे तो खाली पडलेला आहे. हीन, दीन, पददलित हे सगळे ‘ते’ आहेत. पण ज्याच्या आजोबांना शाळेच्या ओट्यावरही बसू दिले नाही, असा मुलगा जेव्हा याच ओळी म्हणतो, तेव्हा तो कोणाला उठवायला निघालेला असतो? त्याला या गाण्यात स्वतःची जागा नेमकी कुठे दिसते? हा प्रश्न गाण्याच्या शब्दांत सुटत नाही. ज्या माणसाने ते रचले त्याच्या वागण्यात तो बराचसा सुटतो असे मला वाटते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी दापोलीजवळच्या पालगडला झाला. घराणे खोतांचे, पण वैभव ओसरलेले. शिक्षण उपासतापास काढत आणि दुसऱ्यांच्या आधाराने झाले. 1924 मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुले शाळेत किंवा खेळायला गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, पसरलेले कपडे आणि अंथरुणे नीट घड्या करून ठेवत, कंदिलाच्या काचा पुसत. आजारी मुलाच्या उशाशी बसत. याबद्दल त्यांनी मुलांना व्याख्यान दिले नाही की पाळ्या लावल्या नाहीत. काही दिवसांनी मुलांनाच लाज वाटू लागली आणि ती आपापली खोली आवरू लागली. सेवा शिकवण्याची ही पद्धत मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात एक क्रम आहे. ज्याच्या हाती सत्ता आहे तो आधी वाकतो, आणि ज्याच्यावर सत्ता चालते त्याला हुकूम मिळत नाही.

हाच क्रम त्यांच्या पुढच्या आयुष्यातही दिसतो. 1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, आणि ते शब्द उतरवून घेण्याचे काम गुरुजींनी केले. आज घराघरांत असलेली ‘गीता प्रवचने’ त्या लेखणीमुळे टिकली. स्वतः लेखक असलेल्या माणसाने दुसऱ्याचा लेखनिक होऊन बसावे, यातला नम्रपणा आपल्याकडे फारसा कोणी बोलून दाखवत नाही. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1933 मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली आणि महाराष्ट्राने त्यांना मातृप्रेमाच्या चौकटीत कायमचे बसवून टाकले. चौकट गोड आहे, पण तिने बरेच काही झाकले. खानदेशातल्या शेतकऱ्यांसाठी आणि गिरणी कामगारांसाठी झगडणारे गुरुजी तिच्यात मावत नाहीत.

पंढरपूरचे गुरुजी तर मुळीच मावत नाहीत. विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी आधी काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला. सेनापती बापट आणि राष्ट्र सेवा दलाची मुले बरोबर होती. सभा झाल्या, गाणी झाली, सह्या झाल्या, गावोगावची कितीतरी मंदिरे आणि पाणवठे उघडले. तरीही पंढरीचे दार बंदच राहिले, तेव्हा 1 मे 1947 रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण सुरू केले. ते दहाएक दिवसांनी सुटले. ‘प्रभूची लेकरे सारी’ ही ओळ शाळेत म्हणणे सोपे आहे, ती बडव्यांच्या दारात जाऊन म्हणायला जिवाची बाजी लावावी लागली. बाबासाहेब आंबेडकरांना तोवर मंदिरप्रवेशात रस उरला नव्हता. शिक्षण, सत्ता आणि स्वाभिमान यांच्यापुढे त्यांना तो गौण वाटत होता, आणि त्यांचे ते म्हणणे आजही खोडता येत नाही. पण गुरुजींच्या उपोषणाचा रोख अस्पृश्यांना काही देण्यावर कमी आणि सवर्णांकडून काही सोडवून घेण्यावर अधिक होता. गाण्यातला ‘उठवणारा’ इथे स्वतः खाली उतरलेला दिसतो.

आता शाळेच्या संडासाकडे येतो. 15 ऑगस्ट 2014 च्या भाषणात पंतप्रधानांनी वर्षभरात सर्व शाळांत मुलामुलींसाठी वेगळी शौचालये करण्याची घोषणा केली. त्यानंतर बांधकामे खूप झाली, यात शंका नाही. पण बांधणे एकदाच असते, साफ करणे रोजचे असते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत बहुतेक ठिकाणी शिपाई नसतो. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांप्रमाणे 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते आणि त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. म्हणजे वर्षाला 2,500 रुपये, महिन्याला दोनशेच्या थोडे वर. त्यात फिनेल, ब्रश, साबण आणि माणसाची मजुरी बसवून दाखवावी. एवढ्याशा पैशात काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. संडासाला कुलूप लागते आणि किल्ली शिक्षकांच्या टेबलाच्या खणात जाते. मुली दिवसभर पाणी प्यायचे टाळतात. किंवा मग कोणातरी मुलाला हाक मारली जाते.

ती हाक कोणाला जाते, हाच खरा प्रश्न. वर्ग झाडायला बहुतेक वेळा मुलींना सांगतात आणि घंटेजवळची बादली उचलायला मुलांना, हे कोणत्याही गावात बघता येईल. संडासाची वेळ आली की निवड आणखी बारीक होते. डिसेंबर 2022 मध्ये तमिळनाडूतल्या इरोड जिल्ह्यात दलित मुलांकडून शौचालय साफ करून घेतल्याबद्दल एका मुख्याध्यापिकेला अटक झाली. वर्षभराने, डिसेंबर 2023 मध्ये, कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात एका निवासी शाळेतल्या मुलांना मैल्याच्या टाकीत उतरवले गेले, आणि तिथेही अटका झाल्या. हाताने मैला साफ करायला लावणे 2013 च्या कायद्याने देशात गुन्हा आहे. मोठ्या माणसाकडून करून घेणे गुन्हा असलेले काम शाळेत मुलाकडून करून घेतले गेले. या दोन गोष्टी दुसऱ्या राज्यांतल्या आणि दूरच्या म्हणून सोडून देण्यासारख्या नाहीत. जिथे पाळी ठरलेली नाही तिथे नजर कोणावर थांबते, हे त्या सांगतात, आणि ती नजर महाराष्ट्रात वेगळी असेल असे मानायला मला काही कारण दिसत नाही.

मग मुलांना या कामापासून पूर्णपणे दूर ठेवावे, पैसे द्यावेत आणि सफाई कामगार नेमावा, असे अनेक जण म्हणतील. शाळेला नियमित, पूर्ण पगाराचा, हातमोजे-गमबूट मिळालेला कर्मचारी हवाच. टाक्या, तुंबलेली गटारे, आम्लाची रसायने ही कामे मुलांची नाहीत आणि शिक्षकांचीही नाहीत. पण एवढ्यावर थांबलो तर मूल काय शिकते? आपण घाण करायची आणि ती साफ करायला एक ‘दुसरा’ असतो, हे. तो दुसरा बहुतेक ठरावीक वस्तीतूनच येतो, हेही त्याला कोणी न सांगता कळते. परिपाठात ‘कुणा ना तुच्छ लेखावे’ म्हणून झाल्यावर अर्ध्या तासात शाळेची इमारतच त्याला उलटे शिकवते.

यापेक्षा जड आक्षेप दुसरा आहे, आणि तो दलित चळवळीने फार पूर्वी मांडला आहे. 1945 मध्ये काँग्रेस आणि गांधींच्या कामाची झडती घेणाऱ्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी लिहिले की, भारतात माणूस भंगी ठरतो तो कामामुळे नव्हे, जन्मामुळे. मग एखादा ब्राह्मणही हे काम करायला तयार आहे असे त्याला सांगून काय उपयोग? आणि ज्यांच्यावर हे काम लादले त्यांनाच ते उदात्त असल्याचे सांगणे ही असहाय माणसांची क्रूर थट्टा आहे. सेवेचे गोडवे गाणाऱ्या प्रत्येकाने हे वाचले पाहिजे. सुखवस्तू घरातल्या मुलाने एक दिवस ब्रश हातात घेतला, फोटो काढला आणि वर्तमानपत्रात दिला, तर त्याला कौतुक मिळते. रोज तेच काम करणाऱ्याला कौतुक सोडाच, नळाचे पाणीही वेगळ्या पेल्यात मिळते. असली सेवा जातीला धक्का लावत नाही, उलट तिला सुगंध फवारते.

या आक्षेपाला माझे उत्तर मर्यादित आहे आणि ते तसेच असू द्यावे. पाळीने संडास धुतल्याने जात जाणार नाही. पण शाळेच्या आवारात एक गोष्ट नक्की बदलते: काम कोणाचे, हे जन्मावरून ठरायचे थांबते. त्यासाठी दोन अटी मात्र कडक हव्यात. एक, काम उदात्त आहे असे कोणी बोलायचे नाही, कौतुकाचे फलक आणि फोटो नकोत. जेवल्यावर ताट घासतात तसे ते करावे. दुसरी, सुरुवात वरून व्हावी. पहिला आठवडा मुख्याध्यापकांचा, दुसरा शिक्षकांचा, मग पालक समितीतल्या सदस्यांचा, आणि त्यानंतर सहावीपासून पुढच्या मुलांचा. पहिली ते पाचवीच्या मुलांनी आपला वर्ग झाडावा, फळा पुसावा, एवढे पुरे. ज्या शाळेत मुख्याध्यापक आपली पाळी चुकवतील, त्या शाळेत मुलांची पाळी लावायचा हक्कच उरत नाही. बाकी सगळ्या तपशिलांत मी तडजोडीला तयार आहे, या अटीत नाही.

कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांचे उदाहरण इथे आठवते. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी सफाईचे काम आपल्याला द्या अशी मागणी केली. तुरुंगातही ते काम जातीवरूनच दिले जात होते, म्हणून नकार मिळाला. त्यांनी त्यासाठी अन्न कमी केले, आणि येरवड्यात असलेल्या गांधींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण केले. पण मला त्याहून मोलाचे वाटते ते अप्पांचे पुढचे काम. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करणाऱ्या सुधारित संडासावर वर्षानुवर्षे डोके चालवले. स्वतः झाडू हातात घेतला की संडासाचा उतार चुकीचा आहे, पाणी लांब आहे, भांडे खडबडीत आहे हे कळते. जो कधी संडास धुवत नाही तो असा संडास बांधतो की दुसऱ्याला त्यात वाकून हाताने खरवडावे लागेल. आपल्या शाळांचे संडास ज्यांनी बांधले त्यांना एक महिना ते धुवायला लावले असते, तर नकाशे बदलले असते. शिक्षकांची पाळी लागली की नळ दुरुस्तीचे अर्ज पंचायत समितीत धूळ खात पडणार नाहीत, हा तर अगदी व्यवहारातला फायदा.

ही सक्ती नाही का, असेही विचारले जाईल. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला म्हणून संस्थेने त्याचा आर्थिक लाभ अडवला होता. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशी सक्ती करता येणार नाही असे सांगितले, आणि ते योग्यच झाले. श्रद्धा ज्याची त्याने ठरवावी. गुरुजींची प्रार्थनाही ज्याला म्हणायची नाही त्याने म्हणू नये. ‘प्रभूची लेकरे’ या ओळीवर विश्वास नसलेल्या मुलाला तिथे गप्प उभे राहता आले पाहिजे. पण संडास सर्व जण वापरतात. नास्तिक असो, वारकरी असो, मुसलमान असो की बौद्ध, वापरलेली जागा पुढच्यासाठी साफ ठेवण्यात कोणाची श्रद्धा आड येत नाही. आपण नेमके उलटे करून बसलो आहोत. जिथे मोकळीक द्यायची तिथे हात जोडायची सक्ती, आणि जिथे सगळ्यांनी सारखे राबायचे तिथे निवडून माणसे.

महाराष्ट्राला हे नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात 1924 पासून सर्व जातींची मुले एकत्र राबत होती आणि एका पंगतीत जेवत होती. गाडगेबाबा ज्या गावात कीर्तन करायचे ते गाव आधी खराट्याने झाडून काढत. दोघांची नावे आपण योजनांना आणि अभियानांना दिली. त्यांच्या वेळापत्रकाला मात्र शाळेत जागा दिली नाही, कारण वेळापत्रकात पेपर असलेल्या विषयांनाच जागा मिळते. कार्यानुभवाचा तास कागदावर आहे. तो बहुतेक ठिकाणी गणिताला किंवा शिष्यवृत्तीच्या सरावाला दिला जातो.

पालकांची तक्रार मी हलकी मानत नाही. ‘आम्ही पोराला शिकायला पाठवतो, झाडलोट करायला नाही’ असे एखादी आई म्हणते तेव्हा, ती स्वतः दुसऱ्यांच्या घरी झाडलोट करून त्याची फी भरत असू शकते. तिच्या मुलाच्या हातात खराटा दिसला तर तिच्या पोटात तुटणारच. म्हणूनच हा प्रयोग जिल्हा परिषदेच्या शाळेत आधी करू नये. तो शहरातल्या मोठ्या फीच्या, इंग्रजी माध्यमाच्या शाळांत आधी व्हावा. तिथे निळ्या-जांभळ्या गणवेशातली एक मावशी स्वच्छतागृहाच्या दाराशी दिवसभर उभी असते. तिची नेमणूक कंत्राटदाराकडून होते, शाळेच्या नावच्या पगारपत्रकात ती नसते. शाळेच्या वार्षिक अंकातल्या फोटोंत ती सहसा दिसत नाही आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी तिला बसायला खुर्चीही नसते. त्या शाळेच्या विश्वस्तांनी पहिल्या आठवड्याची पाळी घ्यावी, त्या मावशींना शाळेच्या सेवेत कायम करावे, आणि पाळीतल्या मुलांना काम शिकवण्याचा मान तिचा असावा, तिला तेवढ्या तासाचे शिक्षकाचे मानधन देऊन. शिक्षण विभागाला पुढच्या शैक्षणिक वर्षासाठी परिपत्रक काढायचेच असेल, तर ते याच शाळांपासून लागू करावे, आणि त्यात मुलांच्या पाळीच्या आधी मुख्याध्यापकांच्या पाळीची नोंदवही तपासण्याचे कलम असावे.